कपाशीचा लाल्या: पानाचा लाल रंग रोग की ढाल?

दिवाळीच्या सुमारास मलकापूर, नांदुरा, मोताळा भागात फिरलात तर लालसर झालेली कपाशी हमखास दिसते. शेतकरी म्हणतो, "लाल्या आला." पुस्तक म्हणतं, पानात अँथोसायनिन वाढलं. दोन्ही बरोबर. पण आपल्यासाठी खरा प्रश्न पुढचा आहे: झाड हा रंग बनवतं कशाला?

आधी उन्हाचा हिशोब

भर दुपारी पानाच्या दर चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल वापरण्याजोगे फोटॉन पडतात. हरितद्रव्य ते पकडत राहतं, त्याला थांबता येत नाही. पण कार्बन स्थिर करायचा वेग मर्यादित असतो. उरलेल्या ऊर्जेतून सिंग्लेट ऑक्सिजनसारखे घातक रेणू तयार होतात आणि फोटोसिस्टिम-२ ची मोडतोड होते.

यावर पानाचे दोन मुख्य उपाय बघा. पहिला म्हणजे झँथोफिल चक्र. यात व्हायोलाझँथिनचं झियाझँथिन होतं आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकली जाते. हे काम मिनिटांत होतं. दुसरा उपाय अँथोसायनिनचा. हे रंगद्रव्य पेशीच्या रिक्तिकेत साठतं आणि निळा-हिरवा प्रकाश हरितद्रव्यापर्यंत पोचण्याआधीच अडवतं. म्हणजे खिडकीला लावलेला पडदाच. पिंपळाची, आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते ती यामुळेच, असं मानतात. तिची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अजून पूर्ण बसलेली नसते.

मग कपाशीत काय होतं?

बोंडं भरायला लागली की पानातलं नत्र आणि मॅग्नेशियम तिकडे ओढलं जातं. मॅग्नेशियम तर हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागीच असतं. त्यात रात्री थंड होतात, विकरांचं काम मंदावतं, पण ऊन तसंच राहतं. वापर कमी, प्रकाश तेवढाच. अशा वेळी पान लाल होतं.

पण हे सिद्ध कसं करायचं?

इथेच अनेक सिनॉप्सिस अडकतात. "लाल पान ताणात असतं" म्हणजे "लाल रंग पानाला वाचवतो" असं होत नाही. इतरही स्पष्टीकरणं आहेत. हॅमिल्टन आणि ब्राऊन यांनी २००१ मध्ये मांडलं की शरदातले भडक रंग किडींना इशारा असू शकतात. शिवाय पानात साखर साचली की अँथोसायनिन वाढतं, म्हणजे रंग हा नुसता जोडपरिणामही असू शकतो.

त्याच वर्षी फील्ड, ली आणि होलब्रुक यांनी डॉगवुड या झुडपावर केलेला प्रयोग नीट समजून घ्या. त्यांनी लाल आणि पिवळ्या पानांवर तीव्र निळा प्रकाश सोडला. लाल पानं लवकर सावरली. मग तीव्र लाल प्रकाश सोडला, जो अँथोसायनिन अडवत नाही. आता दोन्ही पानांत फरक दिसला नाही. पान तेच, बदलला फक्त प्रकाशाचा रंग. म्हणून श्रेय पडद्यालाच द्यावं लागतं.

हीच मांडणी लाल्यावर करता येईल. मात्र हे सांभाळा:

- हिरवं आणि लाल पान एकाच वयाचं, एकाच फांदीवरचं घ्या.
- लाल पानात हरितद्रव्य मुळातच कमी असतं. ते दोन्हींत मोजा, नाहीतर तुलना फसते.
- तुडतुड्यांमुळेही पानाच्या कडा लाल होतात. अशी पानं वेगळी काढा.
- प्रकाशाआधी आणि नंतर क्लोरोफिल फ्लुरोसन्स मोजा. निरोगी पानात एफव्ही/एफएम साधारण ०.८३ येतं.

हे नुसतं पेपरसाठी नाही. लाल रंग ढाल असेल, तर तो घालवणं हा इलाज नव्हे. पानाची उपासमार थांबवायला हवी. म्हणूनच लाल्यावर मॅग्नेशियम सल्फेट आणि नत्राच्या फवारणीचा सल्ला देतात, आणि तोही पान पूर्ण लाल होण्याआधी. उशीर झाला की बोंडं लहान राहतात आणि वजन घटतं.

तेव्हा विषय निवडताना स्वतःला एकच विचारा: माझं म्हणणं चूक असेल, तर ते कोणत्या प्रयोगात उघडं पडेल? मुलाखतीत गाईड बहुधा हेच विचारतात.