काळ्या रानात हरितगृहाचा पाया

जमीन : देवगाव फाट्यासह परभणी जिल्ह्याचा मोठा भाग कापसाच्या काळ्या मातीचा. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात भेगांत हात जातो. वर उभा केलेला सांगाडा तिच्याबरोबर हलतो.

उपाय : वरची काळी माती काढून मुरूम भरणे. १५ सेंमीचा एकेक थर, पाणी मारून धुमसाने ठोकलेला. चौथरा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच. उतार दर १०० फुटांना १ ते २ फूट, भोवती चर.

हिशेब : १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० बाय २० फुटांच्या जागेवर ६ इंच थराला बरोबर १ ब्रास. ठोकल्यावर मुरूम दबतो, त्यामुळे थोडा जादाच लागतो.

खांब : गॅल्व्हनाइज्ड पाइप काँक्रीटमध्ये रोवतात. हलक्या सांगाड्याला मुख्य धोका वजनाचा नसून वादळात उपटण्याचा.

फरक : पॉलिहाऊसवर प्लास्टिकचा कागद, शेडनेटवर जाळी. जाळीतून पाऊस आत येतो, म्हणून आतल्या निचऱ्याचीही सोय लागते.

वाफे : चौथरा मुरमाचा, वाफे मात्र निचऱ्याच्या लाल मातीचे, सोबत कुजलेले शेणखत.