महाशिवरात्रीचे आकाशदर्शन : वचनाला जागलेले मृग

माघ वद्य चतुर्दशी ही महाशिवरात्र. या तिथीस चंद्रोदय पहाटे होत असल्याने रात्रीचे आकाश काळेभोर असते. प्रदोषकाळची पूजा आटोपल्यावर भाविकांनी अंगणात यावे, दक्षिणेकडे तोंड करावे आणि दृष्टी माथ्याकडे न्यावी. मृग नक्षत्राचे दर्शन घडेल.

चार ठळक ताऱ्यांचा चौकोन म्हणजे मृगाचे चार पाय. त्यांतील ईशान्येचा तांबूस तारा काक्षी, तर नैऋत्येचा निळसर शुभ्र तारा राजन्य. चौकोनाच्या मध्यभागी एका ओळीतील तीन तारे, हा मृगाच्या पोटात रुतलेला बाण. त्याच्या दक्षिणेस अंधूक धुरकट ठिपका दिसतो. तो १३०० प्रकाशवर्षांहून दूर असलेला तेजोमेघ असून तेथे नवे तारे जन्म घेत आहेत. बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढविली असता रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध भेटतो. वायव्येकडे वाढविली असता रोहिणी.

ही रचना आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी न्याहाळली होती. प्रजापतीने मृगरूप घेऊन मर्यादा ओलांडली, तेव्हा देवांच्या घोर अंशांतून प्रकटलेल्या रुद्राने त्यास बाणाने विंधिले, अशी कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. मृग, मृगव्याध, रोहिणी व त्रिकांड बाण हे सारे त्या कथेत आकाशस्थ होतात. याच नक्षत्राच्या आधारे लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदकालाचा विचार मांडला.

घरोघरी परिचित आहे ती मात्र ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायातील कथा. बेलाच्या झाडावर दबा धरून बसलेल्या व्याधाच्या हातून नकळत शिवपूजन घडते. मृगी परत येण्याचे वचन देऊन आपल्या पाडसांकडे जाते आणि मरण समोर दिसत असूनही सपरिवार परतते. त्या सत्यनिष्ठेने व्याधाचे अंतःकरण पालटते. मृग आणि व्याध दोघांचाही उद्धार होतो. आकाशात आज ते समोरासमोर दिसतात, ही लोकश्रद्धा.

शेतकऱ्याचे आणि मृगाचे नाते आणखी निराळे. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात येतो आणि पेरणीची आस लागते. त्या वेळी सूर्यतेजात लपल्याने हे नक्षत्र रात्री दिसत नाही. पावसाचा भरवसाही तसाच अदृष्ट. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला. पाऊस मुळात थोडा, आणि जो पडे तोही ओढ्यानाल्यांतून वाहून जाई. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने संत यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. त्याच देवळात गाव एकत्र बसू लागले. दारूबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे निश्चय गावाने केले आणि पाळलेही. नालाबंधारे व पाझर तलाव यांमुळे पाणी भूमीत मुरले, विहिरींना आधार मिळाला, दुबार पीक निघू लागले.

नक्षत्राचा पाऊस कोणाच्या हाती नाही. दिलेला शब्द पाळणे मात्र मनुष्याच्या हाती आहे. बिल्वपत्र वाहताना या शिवरात्री असा एखादा शब्द आपणही शिवचरणी द्यावा, आणि मृगीप्रमाणे त्यास जागावे.