कुत्र्याचा डोळा आणि हिरवा प्रकाश

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तुम्ही कुठेही राहत असा. घरच्या कुत्र्याच्या डोळ्यात सकाळी चिपडे तुम्ही पाहिली असतीलच. अश्रू, श्लेष्मा व धूळ वाळून ती होतात. थोडी तपकिरी चिपडे असली तर घाबरू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवा आणि नाकाकडून बाहेर हलकेच पुसा. दुसऱ्या डोळ्यासाठी नवा बोळा घ्या.

मात्र पिवळा-हिरवा पू, लाली किंवा डोळा सतत मिटलेला दिसला, तर घरातले उरलेले थेंब घालू नका! बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, जखम असेल आणि थेंबांत स्टेरॉइड असेल, तर डोळाही जाऊ शकतो.

ही बारीक जखम ओळखायची कशी? पशुवैद्य फ्लुरेसीन नावाचा रंग डोळ्यात सोडून निळा प्रकाश टाकतात. पारपटलाचा वरचा थर शाबूत असेल तिथे रंग शिरत नाही. खरचटलेल्या जागी शिरतो. तो निळा प्रकाश शोषून हिरवा बाहेर टाकतो, म्हणून जखम हिरवी चमकते. पिवळ्या हायलायटरची शाई निळ्या दिव्याखाली धरून असाच चमत्कार वर्गात पाहा.

रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याच्या डोळ्याला मात्र स्वतः हात लावू नका, मोठ्यांना सांगा.