पेट्रोल पंपावरील आग : पहिली काही मिनिटे
६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास लागलेल्या आगीत ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. आगीच्या पहिल्या मिनिटांचे मोल या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. ग्रामीण पेट्रोल पंपावर बंब येईतो ती मिनिटे तेथील कर्मचाऱ्यांच्याच हाती असतात. पाण्याकडे धावण्याची सवय प्रशिक्षणाने प्रथम मोडावयास हवी. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने ते तरंगत, जळतच पसरते. तेथे कोरडी रासायनिक भुकटी, फेस वा वाळूच उपयोगी. भुकटीचे ९ किलोचे अग्निशामक यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आतच रिते होते. तेव्हा वारा पाठीशी घेऊन ज्वाळेच्या बुडाशी मारा करण्याचा सराव प्रत्येकाने, रात्रपाळीवरील मुलानेही, प्रत्यक्ष करावा. भिंतीवरील तक्ता वाचून तो येत नाही. १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनी ग्रामपंचायतींनी असे प्रात्यक्षिक, अर्थात पंपापासून दूर, मोकळ्या मैदानात घडवून आणावे.