पट्ट्याचा पंखा, तारेचा पंखा

जुन्या महिंद्रा जीपचे मालक एकत्र जमले की विषय लवकरच पाण्यावर येतो. कुणाची गाडी ताम्हिणीत तापलेली असते, कुणी वरंध घाटात बॉनेट उघडून ताटकळलेलं असतं. मग कुणीतरी विचारतंच, ‘पट्ट्यावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक बसवला तर?’ हा बदल हल्ली इतके जण करून घेतात की संपादकांनी तो जवळून पाहून यायला सांगितलं. म्हणून पुण्यात नाना पेठेतल्या एका बोळातलं गॅरेज गाठलं. तिथल्या साठीच्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात.

समोर उभी होती ती एमएम ५४०. महिंद्रांनी विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतली ती १९४७च्या सुमारास. पुढे डिझेलचे दिवस आले आणि या गाडीत प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन बसलं. याच प्यूजोने १९६० साली आलेल्या आपल्या ४०४ मोटारीत गरज नसताना आपोआप सुटणारा पंखा दिला होता. मामांपुढच्या जीपचा पंखा मात्र पुलीला थेट बोल्टने जखडलेला. इंजिन फिरलं की तो फिरणारच, सकाळच्या गारठ्यातही.

मुळात अडचण तिथेच आहे. पट्ट्याचा पंखा इंजिनाचे फेरे ओळखतो, उष्णता ओळखत नाही. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा समोरून वारा येत नाही आणि पंख्याची सगळ्यात जास्त गरज असते. नेमका तेव्हाच तो सगळ्यात हळू फिरतो. महामार्गावर समोरून भरपूर वारा रेडिएटरमध्ये शिरतो, पंखा नसला तरी चालेल अशी स्थिती असते, आणि तिथे हा जीव तोडून फिरतो. त्याची किंमतही मोजावी लागते. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. ८०० फेऱ्यांवरून ३२०० वर गेलात, तर हिशेबाने ती चौसष्टपट झाली. साठेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे ओझं जाणवतं.

इलेक्ट्रिक पंखा वेगळ्या मालकाची चाकरी करतो. रेडिएटरच्या टाकीत एक थर्मो-स्विच असतो. पाणी ९२ अंशांना पोचलं की तो पंखा चालू करतो, ८७ ला आलं की बंद. इंजिन कितीही हळू फिरत असो, पंखा पूर्ण वेगाने वारा ओढतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवं असल्याने पट्ट्याचा पंखा सरळ बसणारच नव्हता, तिथे पहिल्यापासून विजेचाच पंखा होता. आपल्याकडच्या कितीतरी मिस्त्रींनी ही वस्तू पहिल्यांदा हाताळली ती त्या गाडीत.

मामांनी काम सुरू केलं, पण पंख्याला हात लावला नाही. आधी रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे धाडला. ‘निम्म्या गाड्या पंख्यामुळं तापतच नाहीत, साहेब,’ ते मालकाला म्हणाले. ‘आत गाळ, बाहेर जाळीत चिखल. पंखा बदलून काय व्हणार?’ मग त्यांनी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आहे का ते पाहिलं. नव्हता. गाडी तापते म्हणून आधीच्या कुणीतरी काढून टाकलेला. मामांनी ८२ अंशांचा नवा मागवला आणि मगच ९२ चा स्विच निवडला. या दोन आकड्यांत अंतर हवं. पंखा ८० लाच सुरू होणारा असेल तर तो कधी थांबणारच नाही.

पंखे दोन, शेजारी शेजारी. जीपचा रेडिएटर उंच आणि रुंद, त्याला छोट्या गाडीचा एकटा पंखा पुरत नाही. बाजारात पंख्याबरोबर प्लास्टिकच्या काड्या मिळतात, त्या जाळीतून आरपार घालून पंखा आवळायचा असतो. मामांनी त्या बाजूला टाकल्या. गाडी हादरते, काडी घासते आणि एक दिवस नळीला भोक पडतं. त्यांनी लोखंडी पट्टीची चौकट केली, ती रेडिएटरच्या बाजूच्या कडांना धरली आणि पंख्यांभोवती पत्र्याचं आवरण बसवलं. आवरण नसेल तर पंखा फक्त आपल्या गोलापुरता वारा ओढतो, कोपरे तापलेलेच राहतात.

मग तारा जोडून मामांनी पंखे सुरू केले आणि वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलसमोर धरलं. कागद फडफडून खाली पडला. त्यांनी मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा कागद धरला, तो जाळीला चिकटून बसला. उलट्या तारांवरही पंखा गरगर फिरतो, आवाजही तसाच करतो. फक्त वारा पुढे ढकलतो आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याशी भांडत बसतो. असे उलटे फिरणारे पंखे घेऊन लोक महिनोन्महिने हिंडतात, असं मामा सांगतात. इतकी साधी आणि इतकी खात्रीची परीक्षा मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नव्हती.

आता तोटे. ते बरेच आहेत, आणि हा बदल करून देणारे सगळेच ते सांगत नाहीत.

पहिला विजेचा. असे दोन पंखे मिळून वीसेक अँपिअर ओढतात, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून अधिक. ही वीज छोट्या थर्मो-स्विचमधून नेली तर तो जळतो, म्हणून रिले हवा, जाड तार हवी, बॅटरीजवळ फ्यूज हवा आणि अर्थिंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर हवं. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि पंखे एकदम चालले तर जुना डायनॅमो पुरा पडत नाही. इंजिन संथ चालत असताना तर तो जवळजवळ काहीच देत नाही. जीपला अल्टरनेटर नसेल तर आधी तो बसवावा लागतो, आणि खर्च तिथे वाढतो.

दुसरा तोटा मला जास्त काळजीचा वाटतो. पट्टा तुटला तर चार्जिंगचा दिवा लागतो, कारण डायनॅमो त्याच पट्ट्यावर असतो. इलेक्ट्रिक पंखा मरतो तो मुकाट्याने. काटा वर चढल्यावरच कळतं, आणि तोवर कधी कधी हेड गॅस्केट गेलेलं असतं. म्हणून मामा रिलेच्या पुढून तार काढून डॅशबोर्डवर एक छोटा दिवा देतात. पंख्याला वीज पोचली की तो लागतो. मोटार जाम झाली तर दिवा फसवतो, हेही ते मालकाला बजावून सांगतात. शिवाय हे जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालतं. बॅटरी मेली तरी घरी आणतं. पंखा विजेवर नेला की तो भरवसा गेला.

तिसरा चढाचा. माणसं भरलेली जीप फोर-लोमध्ये खडकाळ चढ चढते तेव्हा इंजिनाचे फेरे भरपूर, गाडीचा वेग नगण्य. तिथे पट्ट्याचा पंखा आपल्या पूर्ण ताकदीवर असतो आणि विजेचे पंखे कमी पडू शकतात. उलट ओढा पार करताना पट्ट्याच्या पंख्याची पाती पाण्याच्या दाबाने पुढे वाकून रेडिएटर कापतात. म्हणून जुने ड्रायव्हर पाण्यात शिरण्याआधी पट्टा उतरवायचे. विजेच्या पंख्याला मामा एक बटण देतात, ओढ्याआधी तेवढं बंद करायचं.

काम संपल्यावर मामांनी काढलेला पंखा, त्याचे बोल्ट आणि एक जादा पट्टा गोणपाटात बांधून मागच्या सीटखाली ठेवला. ‘भंगारात घालू नका. लांब गेलात नि वायरिंगनं दगा दिला, तर हाच उतरवंल घाटातनं.’

माझं मत विचाराल तर असं आहे. गाडी शहरात आणि महामार्गावर चालत असेल, अल्टरनेटर चांगला असेल आणि वायरिंग करणारा माणूस खात्रीचा असेल, तर पंखा जरूर बदला. वजन घेऊन डोंगर चढणाऱ्यांनी पट्ट्याचाच पंखा ठेवावा आणि त्याच्याभोवतीचं आवरण शाबूत आहे ना ते पाहावं. दोघांनीही आधी रेडिएटर साफ करून घ्यावा. बऱ्याच जीपचं दुखणं तेवढ्यानेच जातं.