इडली हलकी, नागली औषधी? कळवणच्या ताटातले काही समज

कळवणच्या किराणा दुकानांत आता ‘रागी माल्ट’ची रंगीत पाकिटं मिळतात, आणि त्याच गावाच्या आठवडे बाजारात डोंगरपट्ट्यातल्या बाया नागलीचं गाठोडं सोडून बसतात. दोन्हीकडे धान्य एकच. पाकिटावर बंगळुरूचा पत्ता असला की ते पथ्याचं, आणि कनाशी-दळवटच्या माळावरून आलं की ते गरिबाचं, हा पहिला गैरसमज. खिशालाही तोच सगळ्यांत महाग पडतो.

मोबाइलवर दिसणाऱ्या दक्षिणी स्वयंपाकाचं सध्या फार कौतुक आहे. सकाळी इडली, दुपारी रसम-भात, खोबरेल तेलाची फोडणी, आठवड्याला तेल लावून न्हाणं. ‘तिकडची माणसं असं खातात-राहतात म्हणून ठणठणीत असतात,’ असं ऐकायला मिळतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं. गोव्यात ते २६.४, पुदुच्चेरीत २६.३ आणि केरळात २५.५ टक्के होतं. याचा दोष एकट्या इडलीवर किंवा भातावर टाकता येणार नाही. वाढलेलं वय, बैठं काम, शहरी राहणी अशी कारणं त्यात मिसळलेली आहेत. पण ‘दक्षिणी म्हणजे आपोआप निरोगी’ हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

‘दक्षिणेत पूर्वापार भातच खातात’

कावेरी, कृष्णा, गोदावरी यांच्या पाटाखालच्या भागात आणि सधन घरांत भात होताच. कोरडवाहू दक्षिणेचं रोजचं अन्न मात्र नागली, बाजरी आणि ज्वारी हेच होतं. दक्षिण कर्नाटकात नागलीच्या उकडीचे गोळे, म्हणजे ‘मुद्दे’, रायलसीमेत तशीच ‘संगटी’, तमिळ खेड्यांत बाजरीचं किंवा नागलीचं ‘कूळ’, म्हणजे आपली आंबिलच. सोळाव्या शतकातल्या कनकदासांनी कन्नडमध्ये ‘रामधान्यचरिते’ नावाचं काव्य लिहिलं, त्यात तांदूळ आणि नागली यांचं श्रेष्ठत्वावरून भांडण लागतं. राम दोघांनाही सहा महिने कोंडून ठेवतो. तांदूळ खराब होतो, नागली जशीच्या तशी राहते आणि मान तिला मिळतो. कणगीत नागली वर्षानुवर्षं टिकते, तिला सहसा कीड लागत नाही, हे अभोण्याच्या कुठल्याही आजीला काव्य न वाचता माहीत असतं.

भात घरोघर गेला तो पाटबंधारे आणि रेशन यांच्या जोरावर. आंध्रात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८३ साली दोन रुपये किलोने तांदूळ दिला. आपल्याकडेही तेच झालं. अन्नसुरक्षा कायद्याखाली तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो, आणि २०२३ पासून दोन्ही फुकट. राब भाजा, रोप करा, भर पावसात वाकून लावणी करा, मग कापणी-मळणी, हे सगळं करून पिकवलेली नागली फुकटच्या धान्यापुढे मागे पडली, याचं नवल वाटायला नको. कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची सोय आहे. ती नागलीच्या रूपाने कळवणच्या रेशन दुकानात नियमित दिसली असती, तर आज माल्टच्या पाकिटाची एवढी ऐट राहिली नसती.

‘इडली आंबवलेली, म्हणून तिच्यातले जिवंत जंतू पोटाला चांगले’

इडली वाफेवर शिजते. पीठ फुगवणारे जंतू त्या उष्णतेत मरतात, त्यामुळे ताटात पडलेल्या इडलीत दह्यासारखे जिवंत जंतू नसतात. पण आंबवणं त्यामुळे वाया जात नाही. त्याने पिठातलं फायटेट कमी होतं, लोह-जस्त शोषायला थोडी मदत होते, काही ब-जीवनसत्त्वं वाढतात. उडदातला चिकट पदार्थ आणि प्रथिनं मिळून हवा धरून ठेवतात, म्हणून इडली जाळीदार होते. उडदाच्या जागी दुसरी डाळ घातली की ती बसते, त्याचं कारण हेच.

पौषात कळवणच्या गारठ्यात पीठ फुगत नाही आणि मग सोडा घातला जातो. सोड्याने इडली वर येते, पण ती आंबलेली नसते. शिवाय सोडियम वाढतं, ते रक्तदाबवाल्यांनी लक्षात घ्यावं. त्यापेक्षा पातेलं कोमट पाण्यात किंवा चुलीशेजारी ठेवावं आणि चार तास जास्त द्यावेत. रवा इडली हा आणखी वेगळा प्रकार. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा ती आपण सुरू केली, असं बंगळुरूच्या ‘एमटीआर’चं सांगणं आहे. ती गव्हाची. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन चालत नाही त्यांनी ‘इडलीच तर आहे’ म्हणून ती खाऊ नये.

आणि हलकेपणाचं म्हणाल, तर इडलीत तेल नाही एवढं खरं. तीन-चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद, म्हणजे मुख्यतः तो भातच. चार इडल्या आणि चमचाभर चटणी हा नाश्ता साखर लवकर चढवतो आणि तासाभरात पुन्हा भूक लावतो. दोन इडल्यांबरोबर वाटीभर दाट, भाज्या घातलेलं सांबार घेतलं तर हिशेब बदलतो. उडीद-तांदळाचं प्रमाणही हल्ली ठरलेलं दिसतं तसं नेहमीचं नाही. इसवी सन ९२० च्या सुमाराच्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात इडलीचा उल्लेख येतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त, साधारण ११३० मध्ये, तिची कृती आहे, आणि त्या कृतीत नुसता उडीद आहे, तांदूळ नाही.

सांबाराचा विषय निघाला की मराठी माणसाची छाती फुगते: तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात संभाजीराजांसाठी चिंच घालून आमटी केली, तेच सांबार. गोष्ट गोड आहे, पण ऐकीव आहे. तिला त्या काळातला लेखी आधार कुणी पुढे ठेवलेला नाही. तंजावरच्या मराठ्यांना पाककलेत खरोखरच रस होता. एकोजीराजांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयातल्या रघुनाथ पंडितांचं ‘भोजनकुतूहल’ आहे, सरफोजीराजांच्या नावाचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे. अभिमान बाळगायला एवढं पुरे.

‘नागली खा, रक्त वाढेल आणि साखर उतरेल’

इथे आकडे पाहणं बरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गाईच्या तेवढ्याच दुधात साधारण १२० असतं. पांढऱ्या तांदळात ते नावालाच. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं असं हीच संस्था सांगते. म्हणजे दोन-तीन भाकऱ्यांत कागदावर तरी तिसरा हिस्सा आला. कागदावर म्हणायचं कारण, नागलीतलं फायटेट आणि टॅनिन त्यातला काही भाग शरीराला मिळू देत नाही. मोड आणून, वाळवून, दळून केलेलं सत्त्व किंवा आंबवलेलं पीठ यासाठीच जास्त कामाचं. ही युक्ती डोंगरपट्ट्यात आणि म्हैसूरकडे, दोन्हीकडे जुनी आहे.

लोहाचं चित्र उलटं आहे. नागलीत शंभर ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, तर बाजरीत सहाच्या वर. म्हणजे रक्तवाढीसाठी बाजरीची भाकर सोडून नागलीमागे धावणाऱ्या बाईचं त्या हिशेबात नुकसानच होतं. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते एकट्या भाकरीने कधीच भरत नाही. भाकरीवर लिंबू पिळलेली पालेभाजी आणि जेवणानंतर तासभर चहा नको, एवढं केलं तरी धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. तपासणीत रक्त कमी निघालं असेल तर आरोग्य केंद्रातल्या गोळ्या घ्याव्याच लागतात. तिथे नागली त्यांची जागा घेत नाही.

साखरेचं उत्तर नागलीचं काय केलं यावर आहे. नागलीत तंतुमय भाग भरपूर आहे, पण तीही पिष्टमयच. बारीक दळलेल्या पिठाची पातळ, गूळ घातलेली पेज साखर झपाट्याने वाढवते. तेच पीठ भाकरी करून, उडदाच्या डाळीशी आणि भाजीशी खाल्लं तर चढ सावकाश होतो. नागलीची भाकर आणि उडदाची डाळ हे आपल्या पश्चिम पट्ट्यातलं रोजचं जेवण आहे. धान्यात जे लायसिन कमी पडतं ते डाळ भरून काढते. इडलीतली जोडीही तीच, फक्त इथे डाळीचा वाटा मोठा आहे. माझ्या मते पथ्य म्हणून हे ताट चार इडल्यांपेक्षा सरस आहे. माल्टच्या पाकिटाबद्दल एवढंच: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या जागी साखर दिसली तर ते परत ठेवा.

‘शिळा भात औषधी असतो’

तमिळनाडूतला ‘पळय सादम’, केरळातली ‘पळंकंजी’ यांचं नाव घेऊन रात्रीचा उरलेला भात सकाळी निर्धास्त खाल्ला जातो. तिकडे भात गार झाला की स्वच्छ पाण्यात बुडवून, झाकून रात्रभर ठेवतात. तो हलका आंबट होतो आणि सकाळी ताक-कांद्याबरोबर संपवतात. नुसता उघडा, कोमट राहिलेला भात ही वेगळी गोष्ट. शिजवूनही तगणारा ‘बॅसिलस सेरिअस’ नावाचा जंतू त्यात वाढतो, आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेला निघालेल्यांनी डब्यातल्या भाताबाबत हे जरूर ध्यानात ठेवावं. जिवंत जंतूच हवे असतील तर आंबिल बरी: शिजवून गार केलेल्या नागलीत वरून ताजं ताक. ताक आधी घालून उकळलं, तर तिचीही इडलीच झाली.

बाकीचे समज झटपट. खोबरेल तेल हृदयाला चांगलं, असं सरसकट म्हणता येत नाही. त्यातली सुमारे नव्वद टक्के स्निग्धाम्लं संपृक्त आहेत आणि ती घातक कोलेस्टेरॉल वाढवतात. केरळची चव म्हणून कधीमधी वापरा. रोजला आपलं शेंगदाण्याचं किंवा सुरगाण्याकडचं खुरासणीचं तेल काय वाईट आहे? रसमने सर्दी बरी होत नाही. गरम, तिखट पाण्याने नाक मोकळं वाटतं आणि पोटात पाणी जातं, तेवढ्यासाठी ते छानच आहे. कढीपत्त्यात कॅल्शियम खूप, पण फोडणीत पडतात आठ पानं, त्यातली सहा आपण ताटाच्या कडेला काढतो.

तेलाच्या न्हाण्याबद्दल मात्र थोडं थांबून. तमिळ घरांतलं दिवाळीचं तेलस्नान आणि आपलं नरकचतुर्दशीचं अभ्यंग एकच. तिळाच्या तेलाने कातडी मऊ होते, चोळून घेतल्याने बरं वाटतं. अंगातली ‘घाण’ मात्र त्याने निघत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनतेलाची करतात. बाळंतिणीच्या घरी या न्हाण्याचा एक धोकादायक भाग अजून चालतो, बाळाच्या नाकात-कानात तेल सोडण्याचा. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. न्हाऊ घालणारी मावशी कितीही जाणती असो, तिला हात जोडून नाही म्हणा. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. नागलीचं सत्त्वही सहा महिने पूर्ण झाल्यावरच. तोवर आईचं दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर मात्र मोड आणलेल्या नागलीच्या खिरीइतकं स्वस्त आणि चांगलं पहिलं अन्न कळवणात दुसरं शोधावं लागेल.

दिवाळीनंतर नवी नागली बाजारात येते. पिठापेक्षा दाणे घ्या, निवडून, धुऊन, वाळवून गिरणीवर स्वतः दळून आणा, आणि घेताना घासाघीस करू नका.