रुंद मडगार्ड आणि पातळ पत्रा

नाना पेठेतून सुटे भाग आणून जुनी गाडी घडवणाऱ्या पुण्यातल्या हौशी मंडळींना अनेकदा वाटते, की रुंद मडगार्डचा सांधा एका दमात, सलग ओढला तरच मजबूत होतो. जाड लोखंडाला ते चालते. गाडीचा पत्रा मात्र जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. तापून फुगतो, निवताना आकसतो आणि लाटा धरतो.

म्हणून मिग वेल्डिंगने (वायूच्या आवरणात तार वितळवून केलेली जोडणी) आधी दूरदूर टाके मारतात, शिंपी कच्ची शिलाई घालतो तसे. एक मारला, की पुढचा लांबच्या टोकाला. मधली जागा सावकाश भरते.

मडगार्ड रुंद करणे हाही गाडीतला बदलच, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरवणाऱ्या बदलाला मनाई करते. पत्रा कापण्याआधी आरटीओत विचारावे.